रक्तपेढीतलं भरीत

हसू नका म्हणून विनवलं तरी तुम्ही हसणारच, त्यामुळे परवानगी आधीच देऊन टाकतो. हसा. फक्त चहाचा घोट तोंडात असताना हसू नका, टेबल माझं आहे. आणि मध्येच उठून जायचं नाही. कारण या प्रकरणात मी एकदाच तोंडावर आपटलेलो नाही. आपटलो, उठलो, कपडे झटकले आणि मग पुन्हा, सगळ्यांना नीट दिसेल अशा जागी जाऊन आपटलो.

मी डॉक्टर आहे. रक्तपेढीचा. आमच्या नातेवाइकांच्या मते हा काही खरा डॉक्टर नव्हे, हा बाटल्यांचा डॉक्टर. शिक्षण आधी बंगळुरूला झालं, मग इंग्लंडात. तिथेच राहता आलं असतं. का नाही राहिलो? तर आपल्या भागासाठी काहीतरी करायचं होतं! बघा, हसलात. परतीच्या विमानात मी शेजारच्या गृहस्थांना खानदेशातल्या रक्तसेवेचं भवितव्य समजावून सांगत होतो. भले गृहस्थ होते. दुबईला विमान बदललं तेव्हा त्यांनी जागाही बदलून घेतली. मला तिथेच कळायला हवं होतं.

आल्या आल्या जळगावच्या एका ट्रस्टच्या रक्तपेढीत रुजू झालो. छोटी, स्वच्छ, चांगल्या माणसांची रक्तपेढी. नव्हतं फक्त प्लेटलेट काढायचं मशीन.

हे मशीन काय, ते आधी थोडक्यात सांगतो, मग भजी मागवा. रक्त वाहायचं थांबतं ते प्लेटलेटमुळे. कॅन्सरच्या औषधांनी, डेंग्यूने त्या पार खाली येतात आणि माणसाच्या हिरड्यांतून, नाकातून रक्त यायला लागतं. मग बाहेरून प्लेटलेट चढवाव्या लागतात. जुन्या पद्धतीत पाच-सहा जणांच्या रक्तातून थोड्या थोड्या काढून त्या एकत्र करायच्या. मशीन काय करतं? एकाच दात्याच्या हातातून रक्त घेतं, गरागरा फिरवतं, प्लेटलेट तेवढ्या पिशवीत ठेवतं आणि बाकीचं रक्त त्याचं त्याला परत करतं. एका दात्यात काम होतं. ज्या पेशंटला पुन्हा पुन्हा प्लेटलेट लागतात त्याच्यासाठी हे फार बरं, कारण परक्या रक्ताशी गाठ कमी वेळा पडते. आमच्याकडे मशीन नाही म्हणून असे पेशंट नाशिक गाठायचे. आधीच खिळखिळी झालेली माणसं, आणि वर तो प्रवास.

आणखी एक. आपल्याकडे प्लेटलेटला कोणीही प्लेटलेट म्हणत नाही. सगळे म्हणतात 'पांढऱ्या पेशी'. 'साहेब, आईच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या.' मी पहिल्या दिवसापासून प्रत्येकाला दुरुस्त करतोय, की बाबा, पांढऱ्या पेशी वेगळ्या, प्लेटलेट वेगळ्या. लोक नम्रपणे मान डोलावतात आणि म्हणतात, 'हो, त्याच पांढऱ्या पेशी.'

आमच्या ट्रस्टचे अध्यक्ष सेठजी. डाळमिलवाले. घराणं कधीकाळी मारवाडातून आलेलं, पण सेठजींचं मराठी माझ्यापेक्षा खणखणीत. त्यांना दिवंगत थोरल्या भावाच्या स्मरणार्थ रुग्णांसाठी काहीतरी मोठं द्यायचं होतं. मी त्यांच्या मागे लागलो. मिलमध्ये गेलो, घरी गेलो, एका साखरपुड्यात तर जेवणाच्या पंगतीत शेजारी जाऊन बसलो. शेवटी ते म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही मला सुखानं बुंदी खाऊ देणार नाही. एक करा. दोन कंपन्यांची मशीनं मागवा. एकाच दिवशी, शेजारी शेजारी चालवा. समिती समोर बसेल. पसंत पडेल ते घेऊ."

मला काय आनंद झाला! खानदेशात शास्त्रीय तुलना! एक मशीन होतं एका हाताचं. त्याच सुईतून रक्त घ्यायचं आणि थोड्या वेळाने त्याच सुईतून परत द्यायचं. दुसरं दोन हातांचं. एका हातातून घेतंय, दुसऱ्या हातात देतंय, मध्ये थांबणं नाही, काम लवकर. मी रंगीत तक्ते केले. वेळ किती, दात्याचं किती रक्त एका वेळी बाहेर, प्लेटलेट किती मिळतात. समितीसमोर घसा फोडून बोललो. मग म्हणालो, "काही शंका?"

समितीत एक वकील होते. ते म्हणाले, "एका हाताचं बरं वाटतं. दुसऱ्या हातात मोबाइल धरता येईल."

एक सराफ होते. ते म्हणाले, "दोन्ही हात अडकले आणि नाकावर माशी बसली, तर?"

"माशी नसते तिथे," मी म्हणालो.

"डॉक्टर, जळगाव आहे. माशी असते."

सेठजी बराच वेळ मशीनची चित्रं बघत होते. म्हणाले, "भाऊंचं नाव कुठे येणार? याला पुढून जागाच दिसत नाही."

आणि मी, बंगळुरू आणि इंग्लंड पचवलेला माणूस, काय म्हणावं? म्हणालो, "सेठजी, नाव महत्त्वाचं नाही!"

सेठजी हसले. पण ते हसणं मला आवडलं नाही.

असो. आता लागत होते दाते. दोन मशीनं, दोन धडधाकट दाते. मी फोन केला मामाला. यावलजवळच्या एका खेड्यात मामाची केळीची बाग आहे आणि अर्ध्या तालुक्यावर त्याचा शब्द चालतो. त्याने हेमंत आणि चुडामण असे दोन गडी लगेच नक्की केले. दंडाच्या शिरा अशा, की सुई आपण होऊन शिरावी. आदल्या दिवशी येऊन दोघं तपासण्याही करून गेले. सगळं उत्तम.

पण एक भीती माझ्या डोक्यात बसलेली होती. आपल्याकडे सुई म्हटली की माणूस उपाशी येतो. साखर तपासायला उपाशी, म्हणून रक्त द्यायलाही उपाशी! माझ्या पहिल्याच शिबिरात एक पैलवान असा उपाशी आला आणि सुई टोचल्याबरोबर माझ्याच अंगावर कोसळला. ते काही पुन्हा होऊ द्यायचं नव्हतं. म्हणून मी मामाला मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून निरोप पाठवला. शब्द मला पाठ आहेत, कारण पुढे ते मला बऱ्याच जणांनी ऐकवले.

"मामा! रक्त देणं ही शिक्षा नव्हे, उत्सव आहे! उपाशी कोणीही यायचं नाही. पोटभर, मनसोक्त खाऊन यायचं!"

आता मला सांगा, यात चूक काय? जिथे मी शिकलो तिथे दात्याने पोटभर खाऊन यायचं म्हणजे दोन टोस्ट आणि एक केळं खाऊन यायचं. तेल-तूप टाळायचं, हे तिथे सांगावं लागत नाही, पत्रकातच असतं. मी ते सांगितलं नाही. सुचलंच नाही हो! आणि निरोप गेला कुठे, तर थंडीच्या दिवसांत, यावल तालुक्यात, वांगी जोरात असताना, वर 'उत्सव' या शब्दासकट.

आता खरी गोष्ट. इथे हसणं जरा आवरा.

त्याच संध्याकाळी धुळ्याहून भटूचा फोन आला. भटू म्हणजे गॅरेजमध्ये काम करणारा, माझ्याच वयाचा मुलगा, बहिणीसाठी रक्त न्यायला मागे आमच्याकडे येऊन गेलेला. त्याची बहीण सरला धुळ्यात दवाखान्यात होती. रक्ताचा कॅन्सर, औषधं सुरू, प्लेटलेट पार तळाला. हिरड्यांतून रक्त येत होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उद्या दिवस मावळायच्या आत प्लेटलेट चढल्याच पाहिजेत.

"साहेब, आठे धुळामा जुन्या पद्धतीन्या पिशव्या भेटतीन म्हनतंस उद्या सकाळले. लई लेऊ का?"

म्हणजे धुळ्यातच जुन्या पद्धतीच्या पिशव्या मिळत होत्या. घेऊ का, एवढंच तो विचारत होता. 'घे' म्हटलं असतं तर हा किस्साच झाला नसता. पण मी आवेशात होतो. म्हणालो, "नको! तिला अजून कितीतरी वेळा प्लेटलेट लागणार आहेत. एका दात्याची, मशीनची पिशवी तिच्यासाठी चांगली. उद्या इथे आम्ही काढतोच आहोत. दात्यांचा रक्तगटही जुळतोय. सकाळी जळगावला ये, दुपारी घेऊन जा."

शास्त्र म्हणून एकेक शब्द बरोबर होता. पण खोटं कशाला बोलू, डोळ्यांसमोर समितीही होती. खरं मशीन, खरी पिशवी, खरा पेशंट! सेठजींच्या डोळ्यांत पाणी येणार आणि मशीन आमचं होणार.

दुसऱ्या दिवशी भटू सकाळच्या पहिल्या एसटीने आला. बर्फाचा थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन बाकावर बसला. प्लेटलेटला बर्फ चालत नाही, पण तो त्याने आपल्या समजुतीने आणला होता. समिती आली. दोन्ही कंपन्यांची माणसं टाय लावून आपापल्या मशीनशेजारी उभी राहिली, नवरदेवाशेजारी करवला उभा असतो तशी. आणि थोड्या वेळाने बाहेर मामाची जीप वाजली.

जीपच्या आधी वास आला. भाजलेल्या वांग्याचा, लसणाचा, तळलेल्या शेंगदाण्यांचा वास. मी बाहेर धावलो. हेमंत आणि चुडामण एकमेकांच्या आधाराने जीपमधून उतरत होते.

"जेवलात ना रे?" मी विचारलं.

"जेवलो?" चुडामण म्हणाला. "दादा, श्वास घ्याले जागा नई राह्यली."

आणि मी त्याच्या पाठीवर शाबासकीची थाप मारली. मारली हो!

मामा खूष होता. "तू म्हने उत्सव शे. मंग काय, पहाटे उठून कपाशीच्या काड्यांवर वांगे भाजले. हिरवी मिरची, शेंगदाने, कांद्याची पात, आन् तेल कसं? भरताच्या वर बोटभर तरंगलं पाह्यजे. पुऱ्या केल्या. शिरा केला साजूक तुपातला. या दोघायले आग्रह करकरू खाऊ घातलं. रक्त देनारा मानूस उपाशी नई आला पाह्यजे, बरोबर ना?"

"बरोबर," मी म्हणालो. पण 'तेल' या शब्दावर डोक्यात कुठेतरी एक घंटी वाजली. वाजून बंद झाली, कारण तेवढ्यात मामाने जीपमधून पातेली उतरवली. त्याने सगळ्यांसाठी भरीत आणलं होतं! समितीसाठी, आमच्या लोकांसाठी, टायवाल्यांसाठी. बाहेरच्या खोलीत पत्रावळी मांडल्या. वकीलसाहेबांनी कोट काढून ठेवला. टायवाल्यांनी टाय खांद्यावर टाकले. सराफ तर बोलायचेच बंद झाले. आणि मी? तुम्हाला काय वाटतं? इंग्लंडात, लीड्सच्या थंडीत उकडलेला वाटाणा खाताना मी याच भरताच्या आठवणी काढायचो. दोनदा मागून घेतलं.

दोनच माणसं जेवली नाहीत. एक सेठजी. "वांगं आम्हाला चालत नाही. तुम्ही घ्या, मला बघूनच बरं वाटतं." आणि दुसरा भटू. मामा त्याच्यापुढे पत्रावळ घेऊन गेला, तर तो म्हणाला, "भाऊ, बहीणले रक्त चढू द्या. मंग जेवसू."

मग दाते झोपले. हेमंत एका हाताच्या मशीनवर, चुडामण दोन हातांच्या. सुया टोचल्या. मशीनं घरघरू लागली. मी समितीसमोर उभा राहून हात करकरून सांगत होतो, "आता बघा, आतमध्ये रक्त फिरतंय, थर वेगळे होताहेत, आणि या नळीतून येईल तो पिवळसर, पारदर्शक..."

नळीतून आलं ते पांढरं होतं.

पांढरं म्हणजे कसं? दूध. म्हशीचं, साय धरणारं दूध! वरची पिशवी हळूहळू दुधाने भरायला लागली. शेजारी चुडामणच्या मशीनमध्येही तेच. त्याचं तर जास्तच घट्ट. पहाटेचा शिराही त्यानेच जास्त खाल्ला होता.

आणि मग मामा ओरडला, "पाह्य रे! कितल्या पांढऱ्या पेशी!"

टाळ्या! समितीने टाळ्या वाजवल्या! वकील उठून उभे राहिले. सराफांनी चुडामणचा पाय दाबून त्याचं अभिनंदन केलं. सेठजी सद्गदित झाले आणि म्हणाले, "डॉक्टर, आपल्या मातीतच ताकद आहे." बाकावरचा भटू डबा घेऊन दारात आला, पिशवीकडे बघून त्याने हात जोडले आणि धुळ्याला फोन लावला. "अक्का, घाबरू नको. मोप पेशी निंघी राह्यन्यात. पांढऱ्याफक शेत!"

त्या टाळ्यांमध्ये मला एकट्याला माहीत होतं, की पिशवीत जमतंय ते तेल आहे. तेल आणि साजूक तूप. पोटभर तेलकट खाल्लं की ते काही तासांत रक्तात उतरतं आणि रक्ताचं पाणी दुधासारखं होतं. मशीनला आतला थर ओळखायला एक डोळा असतो. उजेड आरपार जातो का, ते तो बघत असतो. आता दुधातून काय आरपार जाणार?

आधी एका हाताचं मशीन कोकललं. मग दोन हातांचं. आणि दोन्ही थांबली.

दात्यांना काही झालं नाही, हे आधीच सांगतो. त्यांचं रक्त त्यांना परत गेलं, दोघं ठणठणीत होते. चुडामण तर घोरत होता. पण पिशव्या टाकून देण्याच्याच लायकीच्या होत्या.

टायवाल्यांमध्ये लगेच जुंपली.

"आमचं मशीन आधी थांबलं. म्हणजे आमचा सेन्सर जास्त जागरूक!"

"आमचं जास्त वेळ चाललं. म्हणजे आमचं जास्त दणकट!"

दोघांच्याही हनुवटीवर तेल होतं.

मी समितीला कारण सांगितलं. भरीत, तेल, दूध. वाटलं होतं, सगळे समजून घेतील. पण माझं बोलणं संपायच्या आत मामा उठला. लालबुंद झालेला.

"माह्या भरताले नावं ठेवतो? अरे, तुह्या आजाचं बारसं याच भरतावर झालं! तूच म्हने उत्सव. तूच म्हने मनसोक्त. हे घे, ऐका सगळे!" आणि त्याने माझा निरोप मोठ्या आवाजात लावला. एकदा. मग वकिलांना नीट ऐकू आला नाही म्हणून पुन्हा.

त्या गोंधळात भटू माझ्याजवळ आला. "साहेब, पिशवी कव्हय भेटी?"

मी घड्याळाकडे पाहिलं. दिवस पुढे चालला होता. धुळ्याचा रस्ता लांब. आमच्या कपाटात जुन्या पद्धतीच्या पिशव्या होत्या? होत्या की. सकाळीच मी त्या मोठ्या मनाने दुसऱ्या दवाखान्याला देऊन टाकल्या होत्या. आपल्याकडे आता मशीन येतंय, म्हणालो होतो.

म्हणालो, दुसरा दाता बघू. कोणाचा रक्तगट जुळतो? वकिलांचा. वकील ढेकर देत म्हणाले, "माझी तयारी आहे, पण..." बरोबर, भरीत! आमचा एक तंत्रज्ञ. भरीत! एका हाताच्या मशीनचा टायवाला. भरीत! माझा स्वतःचा गटही जुळत होता. आणि मी तर दोनदा घेतलं होतं! आत्ता खाल्लेलं पिशवी भरेपर्यंत रक्तात उतरणार. अख्ख्या इमारतीत रक्ताने शुद्ध असा माणूस उरला नव्हता.

"मी नाही खाल्लं," मागून आवाज आला. सेठजी. त्यांनी कोट काढला होता आणि सदऱ्याची बाही वर करत होते. "माझं घ्या. गट जुळतो माझा."

सत्तरी उलटलेले सेठजी! "सेठजी, वयामुळे नाही घेता येत," मी म्हणालो. त्यांनी बाही खाली केली आणि बटण लावत बसले. त्या दिवशी बैठकीत त्यांच्या हसण्याचा राग आला होता, तो माझा मलाच टोचला.

"मग मना ल्या," भटू म्हणाला. "सख्खा भाऊ शे मी. सकायपासून काही खायेल नही."

सख्ख्या भावाच्या प्लेटलेट बहिणीला तशाच देता येत नाहीत. जवळच्या नात्यातलं रक्त उलटू शकतं, म्हणून त्यांवर आधी किरणांची प्रक्रिया करावी लागते, त्याचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. हे त्याला सांगताना मी आयुष्यात पहिल्यांदा एकही मोठा शब्द वापरला नाही. तो ऐकत होता. त्याच्या मांडीवरच्या डब्यातला बर्फ वितळून पाणी टपटपत होतं.

मग मी जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते शेवटी केलं. धुळ्याच्या त्या रक्तपेढीला फोन लावला.

"जुन्या पद्धतीच्या प्लेटलेट आहेत का हो?"

"आहेत ना!" पलीकडचा माणूस चिडलेलाच होता. "सकाळपासून तयार करून ठेवल्यात. नातेवाईक न्यायलाच येत नाहीत. जळगावच्या कोण्या डॉक्टरनं नको म्हणून सांगितलं म्हणे. कोण गाढव आहे हो तो?"

"आहे एक," मी म्हणालो. "आता ठेवा, न्यायला येतात."

सरलाचा नवरा दवाखान्यातून चालत गेला आणि पिशव्या घेऊन आला. चालत! इतक्या जवळ होत्या त्या. आम्ही सगळे भटूच्या फोनभोवती बसलो. मशीनं बंद, पत्रावळी तशाच पडलेल्या. ऊन कलतं झालं तेव्हा फोन आला. प्लेटलेट चढायला लागल्या होत्या. पुढे रात्रीपर्यंत रक्त यायचं थांबलं. सरला त्या दिवशी वाचली, अजूनही औषधं सुरू आहेत आणि बरी आहे. हे तुमच्यासाठी सांगतोय, म्हणजे तुम्हाला मोकळेपणी हसता येईल. मला येत नाही.

भटूने डब्यातलं पाणी बाहेर झाडाला ओतलं. मी त्याला स्टँडवर सोडायला गेलो. एसटीत चढताना तो म्हणाला, "साहेब, तुम्हना मनमा वाईट काही नव्हतं. माले समजस." मग अगदी नम्रपणे म्हणाला, "पन पुढला टाईमले मना फोन उना ना, ते उचलू नका."

परत आलो तर समिती निर्णय घेऊन बसली होती.

सेठजी म्हणाले, "डॉक्टर, मशीन चांगलं असेल. पण माणूस काय खाऊन आला हे विचारणारं मशीन आपल्याकडे चालायचं कसं?"

"सेठजी, दोष मशीनचा नाही! माझा निरोप चुकला!"

"तेच म्हणतोय," सेठजी शांतपणे म्हणाले. "यापुढेही निरोप तुम्हीच देणार ना?"

यावर काय बोलणार? मी पुष्कळ बोललो. अर्ज केले, भेटलो, भांडलो. नाशिकच्या रस्त्यावरच्या पेशंटांची शपथ घातली. पण समितीचं मत झालं होतं. त्या दिवसातली एकच गोष्ट त्यांना मनापासून पसंत पडली होती, ती म्हणजे भरीत. तेव्हापासून ट्रस्टच्या प्रत्येक कार्यक्रमाला जेवण मामाचं असतं. माझ्याशी तो अजून धड बोलत नाही.

आणि सेठजींच्या भावाच्या स्मरणार्थ काय घेतलं? वातानुकूलित शवपेटी. वर काच, आत गारवा. मुंबई-पुण्याहून पोरं येईपर्यंत देह चांगला राहतो. नावाला जागा भरपूर, दोन्ही अंगांना ठळक अक्षरांत. चालवायला सोपी. आणि आत जाणाऱ्याने सकाळी काय खाल्लं होतं, याने काही फरक पडत नाही.

लोकार्पण रक्तपेढीच्या ओट्यावर झालं. नारळ फुटला, पेटीला झेंडूचा हार चढला. कंपनीचा माणूस म्हणाला, "उंच माणूस आत नीट मावतो का, हे एकदा कोणीतरी झोपून दाखवा. फोटोही चांगला येईल." सगळे दोन पावलं मागे सरकले. वकील मागे, सराफ मागे. अशुभ ना!

बस, एवढं पुरे होतं. मी पुढे झालो. म्हणालो, "मित्रहो, शकुन-अपशकुन असं काही नसतं! विज्ञानयुगात आपण..." बाकीचं भाषण मी आत झोपूनच पूर्ण केलं. काच बंद झाली. डोक्याशी एक छोटी झडप असते, ती तेवढी उघडी होती. वर हार, भोवती हात जोडून उभी असलेली समिती, आणि उदबत्तीचा धूर.

तेवढ्यात रक्ताची पिशवी न्यायला आलेली एक म्हातारी ओट्यावर चढली. तिने चपला काढल्या, काचेतून माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. शेजारी हातात मोठा चमचा घेऊन मामा उभा होता. तिने त्याला विचारलं, "किती लहान वय हो! कोन होता?"

"माहा भाचा," मामा म्हणाला.

"काय झालं होतं बिचाऱ्याले?"

मामाने काचेतून माझ्याकडे सावकाश पाहिलं.

"बाहीरून शिकून आला होता, मावशी. अठलं मानवलं नई त्याले."